बुडबुड्यांचे सल्लागार

नोव्हेंबर लागला की गिरीजपासून नंदाखालपर्यंतच्या घरांत एक चिनी मातीची बरणी लोणच्याच्या नोकरीतून तात्पुरती मोकळी होते. तिला गरम पाण्याने घासतात, उन्हात पालथी घालतात, नाक खुपसून खाराचा वास गेला की नाही ते बघतात. मग तिच्यात काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा आणि चमचाभर यीस्ट घालून वर फडकं बांधतात. द्राक्षं महाग असली तर काळ्या मनुका. ही नाताळची वाईन. रोज एकदा लाकडी चमच्याने ढवळायची, तीही एकाच माणसाने, आणि 21 दिवसांनी गाळायची. 21च का, असं विचारणाऱ्याला वसईत पाहुणा समजतात.

आमच्या शेजारच्या मावशीचं प्रमाण तिच्या आईकडून आलेलं आहे. एक किलो द्राक्षं, एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाठ करायला याहून सोपं प्रमाण नसेल. फक्त हे ठरवताना यीस्टचं मत कोणी घेतलेलं नाही. द्राक्षांची स्वतःची साखर धरली तर या मिश्रणात लिटरमागे साडेचारशे ग्रॅमच्या वर साखर होते. यीस्ट साखरेवर जगतं हे खरं, पण इतका दाट पाक त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेतो. मोरावळा वर्षभर बुरशीशिवाय टिकतो तो याच कारणाने. तरी बिचारं यीस्ट कामाला लागतं, अल्कोहोल तयार करत जातं, आणि ते चौदा-पंधरा टक्क्यांवर पोहोचलं की स्वतःच्याच मालाने गारद होतं. उरलेली साखर जागच्या जागी राहते. म्हणजे शास्त्राप्रमाणे मावशीचं फर्मेंटेशन दर वर्षी अडकतं, अगदी नेमाने, पिढ्यान्‌पिढ्या. आणि दर वर्षी लोक पहिला घोट घेऊन म्हणतात, "यंदा काय गोड झालीय हो!"

फर्मेंटेशन अडकणं ही आपत्ती आहे, हे आमच्या आळीला कळलं ते मावशीच्या भाच्यामुळे. भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो आणि तळघरात बीअर करतो. हे ऐकून आळीतल्या दोन-तीन जणांनी आधी दार लोटून घेतलं होतं. पण तिकडे त्याला कायद्याची मुभा आहे. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली, आणि तेव्हापासून घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन बीअर स्वतःसाठी करता येते. 200 गॅलन म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. मावशीने हा आकडा ऐकला आणि विचारलं, "एवढं पाणी येतं त्यांच्या नळाला?"

आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा आहे, 1949चा. नंतर त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, बाकी धाक तोच. परवान्याशिवाय बीअर करणं गुन्हा, आणि कायद्याने बघायचं तर विकतची प्यायलाही खिशात परवाना हवा. तेव्हा वसई-विरारमध्ये कोणी घरी बीअर करत असेल तर मला ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मावशीला विचारलं तर ती म्हणते, बरणीतलं ते केकमध्ये घालायला आहे. केक मोठा असतो म्हणे.

तर भाच्याची बीअर अडकली. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती आणि त्याचा चेहरा आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा होता. बीअर 1.050वर सुरू झाली होती, 1.012च्या आसपास यायला हवी होती, आणि चार दिवस झाले 1.025वर थांबली होती. हे आकडे घनतेचे. पाणी म्हणजे 1.000. त्यात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, साखर उतरली की आकडा चढतो, यीस्ट ती साखर खाऊ लागलं की आकडा उतरतो. भाच्याने एवढं समजावून सांगेपर्यंत मावशीने आख्ख्या आळीला बोलावून घेतलं होतं. अमेरिकेत कुणाचं तरी काहीतरी अडकलंय, एवढी बातमी पुरेशी होती. एकाला वाटलं ग्रीन कार्ड.

भाच्याने कॅमेरा पिंपाकडे वळवला. पांढरं प्लॅस्टिकचं पिंप, झाकणावर पाणी भरलेली नागमोडी नळी. आतला वायू या नळीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. आम्ही सगळे त्या नळीकडे टक लावून बसलो. बुडबुडा येईना. वसईतली नऊ मोठी माणसं न्यू जर्सीतल्या एका बुडबुड्याची वाट बघत होती, आणि कोणी हसत नव्हतं.

खरं तर बुडबुड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. झाकण जरा सैल असलं तर वायू भलतीकडून निघून जातो आणि नळी गप्प बसते. उलट काम संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि नळी बोलू लागते. पण डोळ्यांना दिसणारी तेवढी एकच गोष्ट असल्यामुळे जगभरचे लोक तिच्यावर विश्वास टाकून बसलेले असतात.

सल्ल्यांना सुरुवात मावशीने केली. "साखर घाल थोडी." हा सल्ला वरवर बघता यशस्वी होतो. साधी साखर यीस्टला लगेच पचते, फेस येतो, नळी बोलते, घरात आनंद होतो. मग ती साखर संपते आणि माल्टमधली जी साखर आधी खाल्ली जात नव्हती ती तशीच मागे उरते. वर बीअर आणखी कडक आणि अंगाने पातळ होते ते वेगळंच.

मावशीचे यजमान म्हणाले, "उन्हात ठेव." डिसेंबरातलं न्यू जर्सी, साडेचारला अंधार. ऊन असतं तरी उपयोग नव्हता. बीअरमध्ये हॉप्सची फुलं असतात आणि त्यांतल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की जो वास तयार होतो, त्याची तुलना तिकडचे लोक स्कंक नावाच्या प्राण्याशी करतात. हा प्राणी शेपटी उचलून दुर्गंध फवारतो. बीअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी असतात त्या याचसाठी. यजमानांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कोवळ्या उन्हात."

तिसरे होते अर्नाळ्याचे काका. त्यांच्या वडिलांकडे ताडी काढण्याचा परवाना होता, त्यामुळे आंबवण्याच्या विषयात ते स्वतःला घराणेदार समजतात. त्यांनी सगळ्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला, "ताडी."

यात मात्र तथ्य होतं. आपल्या किनाऱ्यावरचा हा एक पदार्थ असा, की तो अडकल्याचं कोणी ऐकलेलं नाही. झाडावरून मडकं उतरेपर्यंतच त्यात यीस्ट कामाला लागलेलं असतं. पहाटे गोड नीरा, दुपारपर्यंत ताडी, दुसऱ्या दिवशी सिरक्याच्या वाटेवर. आंबवायचं कसं हा ताडीवाल्याचा प्रश्न कधीच नव्हता. त्याची धडपड थांबवण्याची. नीरा नीराच राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा, पहाटे उतरवायची, ऊन चढायच्या आत विकायची. वसईच्या लग्नघरी फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ पूर्वी याच ताडीने फुगायचं. तेव्हा एडिसनच्या बीअरमध्ये पेलाभर ताडी पडली असती तर ती उठली असती यात शंका नाही. फक्त ताडीत यीस्ट एकटं नसतं. त्याच्याबरोबर आंबटपणा करणारे आणि सिरका करणारे जीवाणू सहकुटुंब राहतात. यथावकाश भाच्याकडे 20 लिटर उत्तम व्हिनेगर तयार झालं असतं. "मग विंदालू करायचं," अर्नाळ्याचे काका म्हणाले. आमच्याकडे कोणताही सल्ला वाया जात नाही.

एवढ्यात निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणजे सर, खुर्ची पुढे ओढून बसले. ओढलेल्या खुर्चीचा आवाज आळीत सगळे ओळखतात. त्यांनी पाश्चरपासून सुरुवात केली. 1856 साली लिल शहरात लुई पाश्चर प्राध्यापक असताना बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे आले. बिटाच्या रसापासून अल्कोहोल करण्याचा त्यांचा धंदा, आणि काही टाक्यांचा रस आंबट होऊन फुकट जात होता. बिगोंचा मुलगा पाश्चरांचा विद्यार्थी. (म्हणजे पालक शिक्षकांकडे घरचं काम घेऊन जातात ही प्रथा फ्रान्समध्येही होती, असं सरांनी मध्येच सुचवलं.) पाश्चरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. चांगल्या टाकीत गोल गोल यीस्ट, बिघडलेल्या टाकीत बारीक काड्या. आंबणं हे सजीवांचं काम आहे आणि कोणता सजीव कामावर आहे त्यावर माल ठरतो, हे तिथून पुढे पक्कं होत गेलं. 1876 साली त्यांनी बीअरवर आख्खं पुस्तक लिहिलं, तेही फ्रान्स जर्मनीकडून युद्ध हरला त्याच्या रागात. जर्मनांना रणांगणात हरवता आलं नाही, निदान पेल्यात तरी हरवू.

जर्मनांची गंमत आणखी वेगळी. बव्हेरियात 1516 साली राजाज्ञा निघाली की बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नाही. सगळं काम करणाऱ्याचा हुकमात उल्लेखच नाही, असं सर म्हणाले आणि क्षणभर थांबले. सरांना पेन्शन मिळायला फार त्रास झाला होता.

या व्याख्यानातून भाच्याच्या उपयोगाचं एवढंच निघालं, की यीस्ट जिवंत असतं आणि जिवंत गोष्टींना कारणं असतात. ती कारणं तशी थोडी आहेत. एडिसनचं तळघर डिसेंबरात बारा-तेरा अंशांवर येतं आणि नेहमीच्या एल बीअरच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. थंडी वाजली की ते गोळे करून तळाशी जाऊन पडतं. किंवा सुरुवातीला यीस्टच कमी पडलं, जुनं होतं, किंवा त्याला प्राणवायू मिळाला नाही. किंवा मुळात माल्ट सत्तर अंशांच्या गरम पाण्यात भिजवला गेला, त्यामुळे त्यात यीस्टला न पचणारी साखरच जास्त उतरली. या शेवटच्या प्रकारात यीस्टचा काही दोष नसतो. ताटातलं खाण्यासारखं होतं ते त्याने खाल्लं, आणि आता उगाच त्याला आग्रह चालला आहे.

वसईत नेमकं उलटं होतं. इथे बरणी थंडीने अडकली असं सांगितलं तर लोक तब्येतीची चौकशी करतील. नोव्हेंबरच्या उन्हाने तापलेल्या स्वयंपाकघरात पारा तेहतीस-चौतीसवर असतो, त्यात आंबताना बरणी स्वतःची उष्णता सोडते. यीस्ट पहिले दोन दिवस झपाटल्यागत धावतं, बरणीबाहेर फेस येतो, नको त्या उग्र वासाची अल्कोहोलं तयार होतात, आणि मग ते उष्म्याने आणि दारूने एकदमच मान टाकतं. मावशी बरणीला ओलं फडकं गुंडाळते. नाशिकला हा उपाय छान चालतो. वसईच्या दमट हवेत फडकं वाळतच नाही, तर बरणी गार कुठून होणार? पण गुंडाळल्याचं समाधान मिळतं.

आपल्या हवेला शोभेल असं यीस्ट नॉर्वेच्या खेड्यांत सापडतं, हा निसर्गाचा खास विनोद. क्वेइक म्हणतात त्याला. पस्तीस अंशांच्या पुढेही मजेत काम करतं. तिकडचे शेतकरी ते लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपत आले. आणि काही गावांत ते पिंपात घालताना मोठ्याने आरोळी ठोकायची रीत होती, म्हणजे यीस्ट जागं होतं आणि बीअर जोरदार होते. हे ऐकून अर्नाळ्याच्या काकांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि न्यू जर्सीतल्या पिंपाला अशी हाक मारली की खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओ दिली. पिंपाने दिली नाही.

मग भाच्याने पुस्तकी उपचार केले. पिंप तळघरातून वर आणलं, रजई पांघरली, खोली एकवीस अंशांवर ठेवली. तळाचं यीस्ट उठावं म्हणून पिंप हळूच गोल फिरवलं, पण खळखळ होऊ दिली नाही, कारण या टप्प्यावर हवा मिसळली तर बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ताजं यीस्ट थोड्या माल्टच्या पाण्यात आधी उकळी फुटल्यासारखं फसफसेपर्यंत वाढवलं आणि मगच ओतलं. कोरडी पुडी थेट फोडून टाकली तर ती दाणेदार मंडळी तयार अल्कोहोलात पडून तिथेच संपतात. सगळं शास्त्रशुद्ध केलं. आकडा 1.025वरून हलला नाही.

एव्हाना आमच्याकडे रोज रात्री त्या आकड्याची चौकशी होऊ लागली होती. फाटकावर भेटलेली माणसं "काय म्हणते?" एवढंच विचारत, आणि दुसरा "तिथेच" म्हणे. मावशीने नंदाखालच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. भाचा वैतागून म्हणाला, आता आहे तशी बाटल्यांत भरतो. यावर मात्र सर ओरडले, आणि बरोबर ओरडले. खरोखर अडकलेली बीअर बाटलीत भरली आणि तिथे तिला जाग आली, तर आत कोंडलेल्या वायूने काच फुटते. अशा बाटल्यांच्या कपाटाजवळ माणसांनी जाऊ नये. अर्नाळ्याचे काका म्हणाले, ताडीचं असं कधी होत नाही, कारण ताडी उद्यासाठी ठेवायची नसतेच.

आणि मग, एवढं सगळं होऊन गेल्यावर, सरांनी विचारलं, "आकडा कशाने मोजतोस?"

भाच्याने खिशातून एक छोटी दुर्बीण काढली. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत पट्टीवर आकडा दिसतो. सर खुर्चीत मागे रेलले. "अरे, हा रिफ्रॅक्टोमीटर. नाशिकला द्राक्षबागेत ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात तो." आणि आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने, पाश्चरवर पाऊण तास घालवल्यानंतर, अपवर्तन समजावायला घेतलं. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाश वाकतो आणि किती वाकला त्यावरून साखर कळते. बागेत हे ठीक, कारण द्राक्षात अल्कोहोल नसतं. पण अल्कोहोलही प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. आंबलेल्या द्रवात हे यंत्र अल्कोहोलालाही साखर समजतं. 1.050वर सुरू झालेली बीअर आता पट्टीवर 6.3 ब्रिक्स दाखवते, त्याचा सरळ हिशेब केला तर 1.025 येतो, आणि अल्कोहोलाची दुरुस्ती केली तर 1.012.

कॉलवर शांतता पसरली. बीअर अडकलेली नव्हतीच. ती केव्हाच तयार होऊन, रजई पांघरून, आमचे सल्ले ऐकत बसली होती.

भाच्याने दुसऱ्या दिवशी तरंगता हायड्रोमीटर आणून खात्री केली. 1.012. या बातमीने आळीत आनंद व्हायला हवा होता, पण थोडी नाराजीच पसरली. एवढी माणसं कामाला लागली होती आणि रुग्णाला आजारच नव्हता. दोन दिवसांत मात्र इतिहास दुरुस्त झाला. मेणबत्तीनंतरच आकडा उतरला, असं आता मावशी सांगते. अर्नाळ्याचे काका हाकेबद्दल काही बोलत नाहीत, नुसते हसतात.

पुढच्या वर्षी भाचा डिसेंबरच्या सुरुवातीलाच वसईला आला आणि येताना तो हायड्रोमीटर घेऊन आला. मावशीने काचेची नळी हातात घेऊन बघितली, "दुधात पाणी किती ते बघतात तीच ना ही?" जवळपास तीच. त्याने गाळलेल्या वाईनमध्ये ती सोडली. नळी बुडायलाच तयार नव्हती, वरच्या वर डुलत राहिली. 1.070.

"मावशी, ही अडकलीय. वाईन 1.000च्या खाली उतरायला हवी."

"म्हणजे पाण्याहून पातळ?" मावशी म्हणाली. "आणि ती मी पाहुण्यांना देऊ?"

भाच्याने हट्टाने आपली वेगळी बरणी लावली. साखर मोजून, यीस्ट पाण्यात उठवून, पिंपळपारावरच्या दुकानातून बर्फ आणून बरणी परातीत गार ठेवून. नाताळपर्यंत ती 0.994वर उतरली. साखरेचा कण शिल्लक नाही. त्याच्या मते निर्दोष वाईन, आणि माझ्याही मते चांगली होती. नाताळच्या सकाळी मिसा आटोपून पाहुणे आले, तेव्हा पहिला पेला त्याने स्वतः भरला आणि पापडीच्या आजोबांना दिला. आजोबांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि मावशीकडे बघून हळूच विचारलं, "यंदा साखर मिळाली नाही का गं?"

मावशीने पेला परत घेतला, दोन चमचे साखर घातली, खडखड ढवळली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"हां," आजोबा म्हणाले, "आता आंबली बघ नीट."